एकदा बोललेला नंबर

आमचे घरमालक बाहेर पडताना उंबऱ्यावर थांबायचे. आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि मगच पाय बाहेर टाकायचे. समोर हिंगोलीतली एक अरुंद बोळ होती. तिच्यातून सायकली जायच्या, शेळ्या जायच्या, कधी हळदीचं पोतं पाठीवर घेतलेला हमाल जायचा. माणसाला चिरडून टाकेल असं तिथून काही जात नव्हतं. मी एकदा हसून तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "जे दिसत न्हाई त्येच मारतं, कंप्युटर."

मला ते कंप्युटर म्हणायचे. कोर्टाजवळच्या एका दुकानात मी टायपिंगचं काम करायचो, तेवढ्यावरून. खोली भाड्याने देताना त्यांनी नाव विचारलं होतं, पण ते कधी वापरलं नाही. "जेवले का, कंप्युटर?" "आज उशीर काहून झाला, कंप्युटर?" मी त्यांना काका म्हणायचो. काका आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे एका दुपारविषयी लिहावं लागतं, म्हणून मी इतकी वर्षं टाळत आलो.

काका रेल्वेत गेटमन होते. हिंगोली आणि वसमतच्या मधे, शेतांमधल्या एका फाटकावर, ती लाईन अजून छोटी होती तेव्हा. मी राहायला गेलो त्या दिवसांत छोटी लाईन उखडून मोठी टाकण्याचं काम चालू होतं आणि गाड्या बंद होत्या. तरी पूर्वी ज्या वेळेला गाडी यायची त्या वेळेला काका अंगणात जाऊन उभे राहायचे. एक हात पुढे, हातात झेंडी नाही, पण मूठ झेंडी धरल्यासारखी. त्यांच्या हिशेबाने शेवटचा डबा निघून गेला की मूठ सोडायचे आणि पाणी प्यायचे.

अंगणाला लोखंडी फाटक होतं. ते दिवसासुद्धा कुलूप लावलेलं असायचं. किल्ली जानव्याला बांधावी तशी काकांच्या गळ्यातल्या दोऱ्याला असायची. "बंद फाटकानं आजवर कोणी मेलं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाल्याला रोज आपण कोण, कुठून आलो ते सांगावं लागायचं. तो वैतागून म्हणायचा, "काका, इतकी चौकशी म्हैस बी करत न्हाई माझी."

"म्हशीवर जिम्मेदारी न्हाई," काका कुलूप काढत म्हणायचे.

लोकांना हे सगळं गमतीचं वाटायचं. मलाही आधी वाटलं. पण त्या घरात राहून राहून माझी झोप उथळ झाली. कडी वाजली की उठून बसायचो. जेवताना काका मधेच हात थांबवून कान द्यायचे, की माझाही घास हातात राहायचा. भीती ही चुलीच्या धुरासारखी असते, एकाच खोलीत राहत नाही.

त्यांची भीती कुठून आली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, शेंगा फोडता फोडता. फाटक लावलं होतं, स्टेशनला तसं कळवून झालं होतं, आणि गाडी काही येत नव्हती. तांड्यावरून एक बैलगाडी आली. आत बाई अडलेली. तिची सासू खाली उतरून काकांच्या पाया पडली. काकांनी परवानगी न घेता फाटक उघडलं. बैलगाडीचं चाक रुळांत अडकलं, मग निघालं. बैलगाडी पलीकडे गेली, काकांनी फाटक लावलं आणि वळले तर इंजिन समोर.

"काय झालं मग?" मी विचारलं.

"काई न्हाई झालं. बाईला पोरगं झालं म्हणे हिंगोलीला. मला पेढे आणून दिले."

"मग भीती कशाची?"

त्यांनी शेंगेचं टरफल बोटांत चुरलं. "काई झालं असतं तर तिथंच संपलं असतं, कंप्युटर. न्हाई झालं, म्हणून अजून व्हायचंच हाय असं वाटून राहिलं."

पुढे त्यांनी आणखी दोनदा फाटक उघडलं. हे शब्दही त्यांचेच. त्यांची लेक डोंगरकडा गावाकडे दिली होती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली, जावई मागोमाग आला, गोड बोलला, आणि काकांनी तिला पाठवली. ती पुन्हा आली, तो पुन्हा आला, चार माणसं घेऊन आला, आणि काकांनी पुन्हा पाठवली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. कोणी बोलायला लागलं की ती उजवी बाजू पुढे करायची. काका ते पाहायचे आणि नजर दुसरीकडे न्यायचे.

आता ती जाणार नव्हती. तसं काकांनी ठरवलं होतं, पण घरात ते सगळ्यांना मान्य नव्हतं. काकांचा मोठा मुलगा मोंढ्याच्या बाजारातून हळदीची पोती वाहणारा टेम्पो चालवायचा. तो वाईट माणूस नव्हता. पण मोंढ्यात रोज कोणीतरी त्याला विचारायचं, "काय रे, बहीण अजून इथंच हाय का?" आणि ते तो घरी घेऊन यायचा. जावयाशी त्याचं उठणं-बसणंही तुटलं नव्हतं. काकांना ते माहीत होतं.

जावई बोळीच्या तोंडाशी येऊन थांबायचा. आत यायचा नाही, नुसता मोटारसायकलवर बसून राहायचा. त्यामुळे लेकीला बाहेर पडता येत नव्हतं. तिला टायपिंग येत होतं, लग्नाआधी शिकलेली. काकांनी मला विचारलं, "हिला घरी बसून करता येईल असं काम हाय का तुमच्याकडं?" काम होतं. कॉलेजवाल्यांचे निबंध, पत्रिका, वकिलांची पानं. मग काका नांदेडला जाऊन एक वापरलेला लॅपटॉप घेऊन आले, टॉवेलात गुंडाळून, लेकरू आणावं तसा पोटाशी धरून. त्याची बॅटरी मेलेली होती. वायर लावली तरच चालायचा.

मी तो चालू केला. पडद्यावर आधीच्या मालकाचं नाव आलं.

"ह्यो कोण?" काकांनी विचारलं.

"ज्याचा होता तो. पुसून टाकतो आता."

"थांबा. त्याच्याकडून चार्ज घेतला का?"

"काका, तो माणूस कुठं आहे आपल्याला काय माहीत."

"चार्ज न घेता ड्युटीवर कसं बसायचं?" ते खरोखर बेचैन झाले होते. शेवटी त्यांनी त्या नावासमोर सरळ उभं राहून "चार्ज घेतला" असं मोठ्याने म्हटलं आणि मला पुसायला सांगितलं. लेक पदराआड हसत होती. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी सांगितलं, की एकच नाव ठेवून सगळ्यांनी वापरलं तरी चालतं. काकांना ते पटलं नाही. "एका फाटकावर दोन गेटमन न्हाई. ज्याची ड्युटी त्याचं नाव." म्हणून प्रत्येकाचं वेगळं खातं करायचं ठरलं. एक काकांचं, एक लेकीचं, एक मोठ्याचं, कारण त्याला गाणी ऐकायची होती, आणि काम आणून देतो म्हणून एक माझं. लेकीला मी पासवर्ड विचारला, तर ती म्हणाली, "तुमीच टाका काईतरी, भाऊ. मला काय सुचत न्हाई." मी टाकला आणि तिला सांगितला.

पासवर्ड म्हणजे काय ते काकांना समजावून सांगायची गरज पडली नाही. "म्हंजे प्रायव्हेट नंबर," ते लगेच म्हणाले. फाटक बंद झालं की गेटमन फोनवरून स्टेशनला एक दोन आकडी नंबर सांगायचा. तिकडचा माणूस तो परत म्हणायचा. मगच गाडी सुटायची. आणि नंबर एकदा वापरला की त्यावर रेघ, तो पुन्हा कधी वापरायचा नाही. त्याच नंबरवर दुसरी गाडी सोडली तर घात.

काकांनी ही सगळी रीत जशीच्या तशी लॅपटॉपवर आणली. आपलं खातं उघडताना ते खणखणीत आवाजात नंबर म्हणायचे. मी सांगून पाहिलं, "काका, हा मोठ्यानं म्हणायचा नसतो."

"म्हणल्याशिवाय समोरच्याला कळंल कसं?"

"समोरच्याला कळूच द्यायचा नसतो."

"मंग तो नंबर कशाचा? ती चोरी झाली."

कोणीतरी तो नंबर परत म्हणायला लागायचा. बहुतेक लेकच म्हणायची, "बराबर, बापू" असं जोडून. तो टाकून खातं उघडलं, की ते लगेच दुसरा नंबर लावायचे. हा दुसरा ते कोणाला सांगायचे नाहीत. तो पुढच्या वेळेला, वापरताना बोलायचा. बोललेला नंबर मेला. हिंगोलीत तेव्हा दिवसा तासन्‌तास लाईट जायची. लाईट गेली की लॅपटॉप बंद, लाईट आली की काका पुन्हा येऊन नवा नंबर म्हणणार आणि बदलणार. मला ते बघून वीट यायचा. त्यांचं खातं कधीतरी त्यांनाच उघडता येणार नाही आणि मला निस्तरावं लागेल, असं मी एकदोनदा बोललोही.

त्या सकाळी कुरुंद्याहून काकांच्या मेव्हणीची मयत कळली. निघण्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणे खातं उघडलं. नळाला पाणी आलं होतं, लेक बाहेर घागरी भरत होती, म्हणून नंबर परत म्हणायला मला हाक मारली.

"सत्तेचाळीस. चार, सात."

"चार, सात. बराबर," मी म्हणालो. मोठा अंगणात दात घासत उभा होता.

काकांनी नंबर बदलला, लॅपटॉप मिटला, आणि नळावर जाऊन लेकीला म्हणाले, "माय, मी पाठवलं म्हणून कोणी बी आलं, भाऊ म्हणू दे न्हाई तर देव म्हणू दे, तर नंबर इचार. माझ्या खात्यात टाकून बघ. उघडलं तरच माझा निरोप."

"आन न्हाई उघडलं तर?"

"फाटक बंद." ते उंबऱ्यावर थांबले, डावीकडे-उजवीकडे पाहिलं आणि गेले.

दुपारी लाईट नव्हती. मी जेवायला खोलीवर आलो होतो. अंगणातलं फाटक वाजलं. किल्ली त्या दिवशी मोठ्याकडे होती. मी दारातून पाहिलं तर तो आत येत होता आणि त्याच्यामागे जावई. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात केळीचा घड. इतका सभ्य माणूस होता, की त्याला पाहून मीच आधी हात जोडले.

"रामराम, भाऊ," तो मला म्हणाला. मग आतल्या दाराकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "कुरुंद्याला मयतीत सासऱ्यांची भेट झाली. बसून बोलणं झालं. म्हणले, झालं गेलं ऱ्हाऊ द्या, घेऊन जा लेकीला."

ती आतल्या दारात आली. उजवी बाजू पुढे केली. "बापूनं नंबर काय दिला?"

"सत्तेचाळीस," तो थांबलासुद्धा नाही. "चार, सात."

अगदी काकांच्या तऱ्हेने म्हणाला. सकाळी ती नळावर होती. तो नंबर जुना की नवा, तिला कळायला मार्ग नव्हता. त्या अंगणात तो सकाळी दोघांनी ऐकला होता. एक तिचा भाऊ, ज्याने तो नेऊन जावयाला सांगितला. आणि दुसरा मी, ज्याने तो परत म्हटला होता.

"लाईट आली की बघते," ती म्हणाली.

"काय बघती आता?" मोठा चिडला. "दाजीनं नंबर सांगितला ना? तुझ्या त्या मशीनपायी माणसाला दारात उभं करून ठेवती का?" मग तो माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमीच सांगा. तुमी लावून दिलं सगळं. हाच नंबर हाय ना बापूचा?"

जावयाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"हो," मी म्हणालो. "काकांचाच आहे."

ते खोटं नव्हतं. मी रात्री-अपरात्री स्वतःला हेच सांगत आलो आहे, की ते खोटं नव्हतं. त्या वाक्यात 'सकाळचा' एवढा एक शब्द घालायचा होता. तो माझ्या जिभेवर होता आणि खांद्यावर हात होता.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. थोड्या वेळाने पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. ती लुगडी काढत होती. माझ्या शब्दावर तिने तयारी सुरू केली होती.

मग आम्ही लाईटची वाट पाहत बसलो. इतकी लांब दुपार मी दुसरी पाहिली नाही. मोठा ओट्यावर, जावई खाटेवर, मी माझ्या दारात. जावयाने माझ्या कामाची चौकशी केली, आमच्या गावाकडे पाऊसपाणी कसं विचारलं. मी उत्तरं दिली. तिने आतून चहा पाठवला, तो आम्ही तिघांनी घेतला. प्रत्येक घोटाला वाटायचं, की हा संपला की मी बोलतो. उठायचं, आतल्या दाराशी जायचं, दोन शब्द सांगायचे. चहा संपला. बशी खाली ठेवताना वाजू नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी ठेवली, एवढंच आठवतं.

शेजारच्या घरात पंखा सुरू झाल्याचा आवाज आला.

तिने लॅपटॉप मधल्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. पायाशी पिशवी भरून ठेवली होती. मशीन जुनं, चालू व्हायला वेळ लागायचा. पडद्यावर नावं आली. तिने काकांच्या नावावर टिचकी मारली. एका बोटाने चार दाबला, सात दाबला.

उघडलं नाही.

बोट चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा टाकला. पुन्हा नाही.

तिने मान वर केली. नवऱ्याकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग वाकून पिशवी उचलली आणि मागे, पेटीजवळ नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाली, "हा बापूचा निरोप न्हाई."

"भंगारातलं मशीन आणलं म्हाताऱ्यानं," जावई उठला. आवाज बदलला होता. "ते बिघडलंय. चल म्हणतो ना."

"बिघडलं असंल तर बापू येस्तोवर बसा," ती म्हणाली आणि आतलं दार लावून घेतलं. आधी कडी, मग दाराचा आडणा सरकवल्याचा आवाज आला.

तो दाराकडे निघाला. तेव्हा मोठा मधे उभा राहिला. नंबर आपणच दिला आणि बोललेला नंबर मेलेला असतो, हे त्याला आत्ता नीट कळत असावं. बाप समोर नसतानाही बापाला भ्यालेला दिसत होता. "दाजी, आज ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आज जावा तुमी."

जावई त्याच्याकडे बघत राहिला, मग हसला. जाताना त्याने केळीचा घड परत उचलला. माझ्या दारापाशी थांबला. "तुमी तर व्हय म्हणले होते, भाऊ," तो म्हणाला. एखाद्या आपल्या माणसाला म्हणावं तसं.

काका दिवेलागणीला आले. लेकीने आतूनच नंबर विचारला. ते खिडकीशी उभे राहिले, नंबर म्हणाले, तिने टाकला, परत म्हटला, मग दार उघडलं. मोठ्याने बापाचे पाय धरले आणि रडत सगळं सांगितलं. काका खाली बसले. मग विचारलं, "आन कंप्युटर काय म्हणले?"

मी तिथेच उभा होतो. मोठा खाली बघत होता.

"ते काय म्हणतील, बापू?" लेक म्हणाली. "त्यांना काय ठाऊक."

काकांनी मान हलवली. मी तेव्हाही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. लॅपटॉप उघडून बसली होती, काका शेजारी.

"भाऊ, माझा नंबर बदलायचाय. कसा बदलायचा तेवढं दाखवा."

मी दाखवलं. इथे जायचं, इथे जुना टाकायचा, इथे नवा. जुना माझाच होता.

"समजलं," ती म्हणाली. "आता पाठ फिरवा."

मी वळलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

"बापू, तुमी बी."

काका उठले. मला वाटलं, ते म्हणतील की नंबर मोठ्याने म्हण, कोणीतरी परत म्हणायला पाहिजे. पण ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघांची नाकं भिंतीपासून वीतभर. मागे कळांचा आवाज होत होता, थांबत होता, पुन्हा होत होता. घाई नव्हती तिला.

काका माझ्याकडे झुकले. त्यांच्या तोंडावर असं काही होतं, जे मी त्या घरात आजवर पाहिलं नव्हतं. ड्युटी संपवून घरी निघालेल्या माणसासारखं.

"आता मला बी ठाऊक न्हाई," ते माझ्या कानात म्हणाले.

"झालं," मागून ती म्हणाली.

काका लगेच वळले. मी तसाच उभा राहिलो.